डॉलीची जुनी गाणी, डोंगरातल्या वाद्यांवर

आज एका गाणाऱ्या बाईविषयी बोलायचं आहे. ती अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागातली. नाव डॉली पार्टन. जन्म १९४६ सालचा, बारा भावंडांत चौथी. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉलीच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांना पैशांऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, असं ती स्वतःच सांगते.

तिची आई जुनी गाणी म्हणायची. त्या डोंगरांत इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांनी ती सोबत आणली होती. बँजो हे वाद्य मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांकडून आलं. अशा सगळ्या मिश्रणातून १९४० च्या दशकात बिल मन्रो आणि त्याच्या साथीदारांनी एक ढंग घडवला. मन्रो केंटकी राज्याचा. त्या राज्याच्या टोपणनावावरून त्याच्या वाद्यवृंदाचं नाव पडलं आणि पुढे त्या ढंगालाच ब्लूग्रास म्हणू लागले. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिनच, मँडोलिन, गिटार आणि उभं मोठं बेस. ढोल-ताशा काही नाही. मग ठेका कुठून येतो? मँडोलिनवाला तारा दाबून खटकन वाजवतो, तोच ठेका.

डॉली १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी नॅशव्हिलला गेली. ते कंट्री संगीताचं शहर. १९६७ पासून ती पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात गाऊ लागली. काही वर्षांनी त्याच्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा निरोपाचं एक गाणं लिहिलं. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. ते एल्विस प्रेस्ली गाणार होता, पण त्याच्या मॅनेजरने गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा मागितला. एल्विस म्हणजे केवढं मोठं नाव! तरी डॉलीने नाही म्हटलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं, ते जगभर गाजलं आणि लेखिकेचा मोबदला डॉलीकडे आला. गटाच्या बैठकीत ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ म्हणून मी डोकं खाते ना, त्यातलाच हा प्रकार.

पण नव्वदचं दशक संपता संपता तिच्या वयाच्या गायिकांना कंट्री रेडिओवर जागा उरली नव्हती. तरण्या आवाजांचे दिवस आले होते. डॉली तेव्हा ५३ वर्षांची. तिने नव्या फॅशनमागे न धावता आईच्या गाण्यांची वाट धरली. १९९९ मध्ये ‘द ग्रास इज ब्लू’, २००१ मध्ये ‘लिटल स्पॅरो’, २००२ मध्ये ‘हेलोज अँड हॉर्न्स’. पहिल्या दोन अल्बममध्ये सोबत जेरी डग्लस, स्टुअर्ट डंकन यांच्यासारखे कसलेले वादक. पहिल्या अल्बमला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. त्यांत लोकगीतं होती, दुसऱ्यांची गाणी होती आणि तिची स्वतःची जुनी गाणीही होती.

त्यातल्या एकाच गाण्याबद्दल सांगते. ‘डाऊन फ्रॉम डोव्हर’. ते १९७० चं. लग्नाआधी दिवस गेलेली एक मुलगी. घरच्यांनी तोंड फिरवलेलं. तो येईल, डोव्हरहून येईल, म्हणून ती वाट बघत राहते. तो येत नाही. मूल जन्मतं ते मेलेलं. चोवीस वर्षांच्या पोरीने हे गाणं अल्बमवर घातलं, तेव्हा असल्या विषयाला रेडिओ लवकर हात लावत नसे. आपल्याकडे तरी अजून अशा मुलीबद्दल मोठ्याने कोण बोलतं?

‘लिटल स्पॅरो’मध्ये डॉलीने तेच गाणं पुन्हा गायलं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. काही जण म्हणतात की जुनं गाणं पुन्हा गाणं म्हणजे नवं काही सुचत नाही. मला हे पटत नाही. पहिल्या वेळी त्या मुलीच्याच वयाची कुणीतरी गातेय असं वाटतं, तिला अजून आशा आहे. दुसऱ्या वेळी शेवट आधीपासून माहीत असलेली बाई गाते. इंग्रजी कळत नसेल तरी दोन्ही एकापाठोपाठ ऐका. आधी १९७० चं.