पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ फुटबॉल : सुरतच्या मैदानावरून दिसणारे संघ

महाविद्यालयीन फुटबॉलचा देशातील सर्वात मोठा मंच म्हणजे भारतीय विद्यापीठ संघातर्फे होणारी आंतरविद्यापीठ स्पर्धा. अखिल भारतीय विजेत्याला सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा चषक दिला जातो. मात्र त्या चषकापर्यंत पोचण्याची वाट विभागीय स्पर्धेतून जाते. उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चार विभागांतून प्रत्येकी चार संघ पुढे जातात. गोवा, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश या राज्यांतील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. साहजिकच पणजीजवळच्या ताळगाव पठारावरील संघाचे भवितव्य सुरत, कोल्हापूर, इंदूर किंवा कोटा येथील संघांशी बांधलेले असते.

स्पर्धेची रचना समजून घेतल्याखेरीज कोणत्याही संघाचे बळ नीट जोखता येत नाही. प्रारंभी बाद पद्धत आणि अखेरच्या चार संघांत साखळी, असा तिचा साचा आहे. मागील मोसमातील पहिल्या चार संघांना मानांकन मिळते, इतरांना पहिल्या फेरीपासून खेळावे लागते. अनेक दिवस लागोपाठ सामने होत असल्याने अकरा खेळाडू उत्तम असून भागत नाही. बाराव्या ते अठराव्या खेळाडूंचा दर्जाच अनेकदा निकाल ठरवतो. एका सकाळी बचावफळीची एक चूक झाली, सामना पेनल्टी शूटआउटवर गेला आणि वर्षभराची मेहनत दुपारच्या गाडीने परत आली, असे या स्पर्धेत नेहमीच घडते. खेळाडूचे वय 17 ते 25 वर्षांच्या दरम्यान असावे लागते. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी संघ जवळजवळ नवा होतो आणि मागच्या मोसमातील लौकिकावर फार विसंबून राहता येत नाही.

सुरतपासून आरंभ करणे सोयीचे. येथील वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची स्थापना 1965 साली दक्षिण गुजरात विद्यापीठ या नावाने झाली. सुरतमध्ये जन्मलेल्या कवी नर्मद यांचे नाव त्याला पुढे 2004 मध्ये देण्यात आले. त्यापूर्वीचा इतिहास गोव्याच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. गुजरात विद्यापीठ 1949 साली स्थापन होईपर्यंत सुरतची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोव्यातही मुक्तीनंतर 1962 साली उभी राहिलेली धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत, म्हणजे 1985 पर्यंत मुंबईशीच संलग्न होती. आज एकमेकांसमोर उभे राहणारे हे संघ एकाच मूळ वृक्षाच्या फांद्या आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सुरतची क्रीडानगरी म्हणून ओळख आहे ती टेबल टेनिसमुळे. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे दोघेही येथलेच, आणि 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील टेबल टेनिसचे सामनेही याच शहरात झाले. त्या स्पर्धेतील फुटबॉल मात्र अहमदाबादला गेला. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम क्रिकेटचे. हिरे आणि कापड यांच्या या शहरात मोकळ्या जागेचा भाव असा की फुटबॉलच्या पूर्ण मापाचे मैदान ही चैनच ठरावी. तरीही सुरतचा संघ दुर्लक्षून चालणार नाही, आणि त्याचे कारण शहराच्या आत नसून बाहेर आहे. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र भरूचपासून वलसाडपर्यंत आणि पूर्वेला डांगच्या डोंगरांपर्यंत पसरलेले आहे. डांग जिल्ह्याने सरिता गायकवाड हिच्यासारखी धावपटू दिली. 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताच्या महिला रिले संघात ती होती. लांब पल्ल्याचा धावपटू मुरली गावित हाही तिथलाच. दमसास आणि वेग यांची वाण या भागात नाही. अभाव आहे तो लहानपणापासून चेंडूशी सलगी होण्याचा.

दुसरे बळ शहराच्या वस्तीत आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या शेजारी ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून यंत्रमागावर कामासाठी आलेली कुटुंबे. या घरांतील मुलगा महाविद्यालयात जातो तेव्हा बहुधा अर्धवेळ कामही करतो. सकाळच्या सरावाला येणारा खेळाडू रात्रपाळी करून आलेला असेल, तर प्रशिक्षकाने त्याच्याकडून नव्वद मिनिटांची अपेक्षा कशी ठेवावी, हा प्रश्न कोणत्याही डावपेचापेक्षा जड आहे. त्यातच सूरतच्या परिसरात स्वतंत्र विद्यापीठे वाढली. बारडोलीजवळचे उका तरसाडिया विद्यापीठ 2011 पासून स्वतंत्र आहे, आणि सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थाही वेगळी. पूर्वी एकाच संघात येऊ शकली असती अशी मुले त्यामुळे विखुरली. यंदा सुरतकडून अपेक्षा धरायची ती घट्ट बचाव, पल्लेदार धावा आणि प्रतिहल्ल्याची. मध्यफळीत चेंडू राखून खेळण्याची कला हे त्यांचे कच्चे अंग राहील. सलग दोन फेऱ्या जिंकणे हेसुद्धा त्यांच्यासाठी मोठे पाऊल असेल.

गुजरातमधील इतर संघांपैकी बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि वल्लभ विद्यानगरचे सरदार पटेल विद्यापीठ ही जुनी नावे. वाघोडियाच्या पारुल विद्यापीठासारख्या खासगी संस्थांमुळे या राज्यातील चित्र बदलत आहे. परराज्यांतून विद्यार्थी येतात आणि त्यांच्याबरोबर खेळाडूही. संतोष चषकावर गुजरातचे नाव अद्याप एकदाही कोरले गेलेले नाही, हे ध्यानात घेता येथील विद्यापीठ संघांना राज्याच्या फुटबॉलचा फारसा आधार मिळत नाही, हे उघड आहे.

महाराष्ट्रात मात्र एका शहराचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 ची, पण तेथील फुटबॉल त्याहून कितीतरी जुना. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठापेठांत वातावरण तापते. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल उचलून धरल्याचे असे उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. शिवाजी विद्यापीठाच्या संघातील मुले दडपणाखाली खेळायला सरावलेली असतात. हजारो प्रेक्षकांसमोर पेनल्टी मारून आलेल्या मुलाला आंतरविद्यापीठ सामन्याच्या रिकाम्या कठड्यांची भीती वाटत नाही. त्यांची अडचण निराळी आहे. तालमीचा मोसम आणि विद्यापीठाचा मोसम एकमेकांत घुसतात, आणि मुलाचे मन तालमीकडे ओढले जाते. अंगावर राग घेऊन खेळण्याची सवयही येथे महाग पडू शकते. सलग सामन्यांच्या स्पर्धेत दोन पिवळी कार्डे म्हणजे निम्मा संघ गेल्यासारखे.

मुंबई विद्यापीठ, स्थापना 1857, हा खेळाडूंच्या संख्येने विभागातील बलाढ्य संघ. कूपरेजची परंपरा, शाळांचे स्पर्धात्मक फुटबॉल आणि मोठी लोकसंख्या त्याच्या पाठीशी आहे. गोव्याच्या वाचकांनी त्यातील एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबईशीच संलग्न आहेत. बांदा, सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याचा एखादा मुलगा पेडण्याच्या मुलांबरोबर गावच्या मैदानावर खेळून मोठा होतो आणि विभागीय स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध मुंबईचा सदरा घालून उतरू शकतो. निवड चाचणीसाठी त्याला आठ-दहा तासांचा प्रवास करावा लागतो, हा भाग वेगळा. पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ शिस्तबद्ध, पण तेथेही अभिमत आणि खासगी विद्यापीठांनी खेळाडू वाटून घेतले आहेत. नागपूरचा संघ कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या जुन्या संस्थांच्या परिसरातून घडतो आणि अंगाबरोबरच्या झुंजीत सहसा मागे हटत नाही.

राजस्थान व मध्य प्रदेशातील संघांपैकी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था लक्षवेधी ठरते. येथील विद्यार्थ्यांसाठी सराव हाच अभ्यासक्रम असल्याने शारीरिक तयारीच्या बाबतीत इतरांना त्यांच्याकडून शिकावे लागते. इंदूर, जयपूर आणि कोटा येथील संघांना कमी लेखण्याची चूक मानांकित संघांनीही करू नये.

आता गोवा विद्यापीठ. संतोष चषक पाच वेळा जिंकणारे, धेंपो, साळगांवकर आणि चर्चिल ब्रदर्ससारखे राष्ट्रीय विजेते देणारे हे राज्य. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. एवढ्या लहान प्रदेशातील बहुतेक सर्व महाविद्यालयांतून एकच संघ निवडला जातो, हा मोठा लाभ. चेंडूवरील ताबा, छोटे पास आणि मैदानाची रुंदी वापरण्याची जाण यांत गोव्याची मुले विभागात उजवी ठरतात. तरीही कागदावर सर्वात बलवान असलेला हा संघ प्रत्यक्षात पूर्ण ताकदीने क्वचितच उतरू शकतो. उत्तम खेळाडू अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी क्लबशी करारबद्ध होतो. प्रो लीगचा सामना आणि विद्यापीठाचे शिबिर एकाच आठवड्यात आले की क्लब सोडत नाही, आणि क्लबकडून मानधन मिळत असल्याने मुलगाही आग्रह धरत नाही. काहींची उपस्थिती कमी भरते, परीक्षेचा अर्ज अडकतो, आणि पात्रतेच्या कागदावर नावच चढत नाही. ज्यांना हा प्रश्न केवळ शिस्तीचा वाटतो, त्यांनी मडगाव किंवा म्हापशाच्या एखाद्या खेळाडूचे दिवसभराचे वेळापत्रक पाहावे. क्लब, विद्यापीठ आणि राज्य संघटना यांनी मोसमापूर्वी एकत्र बसून तारखा जुळवल्या तर अर्धे दुखणे जागीच थांबेल.

या स्पर्धेचे मोल केवळ चषकापुरते नाही. अखिल भारतीय स्पर्धेतील पहिले आठ संघ खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेसाठी पात्र ठरतात. ही स्पर्धा 2020 साली भुवनेश्वर येथे सुरू झाली. तेथील कामगिरीकडे रेल्वे, सेनादले, बँका अशा नोकरी देणाऱ्या संस्थांचे लक्ष असते. क्लबच्या कराराची मुदत संपल्यावर काय, ही चिंता असलेल्या गोमंतकीय पालकांना विद्यापीठाच्या सदऱ्याचे महत्त्व येथे कळते. पांडेसऱ्यातील यंत्रमागावरच्या बापालाही ते तितकेच कळते.

नव्या विद्यापीठाने जुन्यांना मागे टाकल्याचे उदाहरण दक्षिणेत आहे. कालिकत विद्यापीठाची स्थापना 1968 ची. व्हिक्टर मंजिला यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी 1971 मध्येच आशुतोष चषक जिंकला आणि त्यानंतर अनेकदा त्यावर नाव कोरले. त्यामागे मलबारच्या गावोगावची मैदाने आणि शाळांतील फुटबॉल होता. सुरतच्या पाठीशी तशी मैदाने नाहीत, गोव्याच्या पाठीशी आहेत.

यंदाच्या मोसमात अखेरच्या चारांत गोवा, मुंबई आणि शिवाजी विद्यापीठ यांची दावेदारी भक्कम मानावी लागेल. चौथ्या जागेसाठी ग्वाल्हेर, पुणे आणि गुजरातमधील एखादा खासगी विद्यापीठाचा संघ यांच्यात चुरस राहील. सुरतचे नाव या यादीत नाही. पण सोडतीत सुरतशी गाठ पडणाऱ्या मानांकित संघाने पहिली वीस मिनिटे सांभाळावीत. डांगची मुले त्या वीस मिनिटांत थकत नाहीत. गोव्याचा संघ कोकण रेल्वेने वसईमार्गे अशा सामन्याला निघेल तेव्हा त्यात कोण असेल, हे मात्र सोडतीवर नव्हे, तर क्लबच्या परवानगीपत्रांवर अवलंबून राहील.