नागीन डान्सची पुंगी आली कुठून?

मंडळी, लग्नसराई आहे. दौलताबादला किल्ल्याखालच्या रस्त्यानं वरात निघाली की बँडवाले एक धून हमखास धरतात आणि नवरदेवाचे मित्र तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतात. नागीन डान्स! ही धून गारुड्याच्या पुंगीची, असंच आपण धरून चालतो.

पण ती मुळात पुंगीवर वाजलेलीच नाही. १९५४ साली ‘नागीन’ सिनेमा आला. पडद्यावर पुंगी दिसते, आवाज मात्र क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेवरच्या वाद्याचा आणि जोडीला हार्मोनियम.

क्लॅव्हिओलाइन बनवली फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी, १९४७ साली. तीन सप्तकांची छोटी पट्टी, वेगळ्या पेटीत ॲम्प्लिफायर अन् स्पीकर, आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर निघायचा. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं ढकलायची दांडी! इंग्लंडात सेल्मर आणि अमेरिकेत गिब्सन कंपनीनं ती बनवली. १९६२ चं जगभर गाजलेलं ‘टेलस्टार’ याच वाद्यावरचं; पुढं बीटल्सनीही ते वापरलं. मग मूगचे सिंथेसायझर आले अन् मार्टिनचं नाव मागं पडलं.

मुंबईत ही पेटी वाजवली कल्याणजी वीरजी शाह यांनी. कच्छहून आलेल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा. यंत्राच्या सपाट सुराला त्यांनी जी मुरड दिली, तीवर आजही लोक डोलतात. (खऱ्या नागाला बाहेरून कान नसतात, तो हलत्या पुंगीवर नजर ठेवतो, ते सोडा.) हार्मोनियम रवी यांची. फिल्मफेअर मिळालं हेमंतकुमारांना, आणि संगीत त्यांचंच होतं, त्यात वाद नाही. पण तेव्हा रेकॉर्डवर वादकाचं नाव सहसा नसायचंच. कल्याणजी आणि रवी दोघंही पुढं मोठे संगीतकार झाले, म्हणून त्यांची नावं तरी आपल्याला माहीत.

आपल्याकडच्या बँजो पार्टीतल्या कीबोर्डवाल्याचं काय? लग्नपत्रिकेत नाव नाही, बॅनरवर फक्त मालक. म्हातारपणी कलावंत मानधनाचा अर्ज करायचा तर कलेचे पुरावे जोडा म्हणतात. जन्मभर वराती वाजवलेल्या माणसानं कुठला कागद आणायचा?

तुमच्या गावात कीबोर्ड, बँजो, क्लॅरिनेट वाजवणारे जुने लोक असतील तर त्यांना विचारून नाव, पार्टी अन् कधीपासून वाजवतात ते खाली लिहा. मी एकेकाला भेटून बातमी करतो. कात्रण अर्जाला लावता येईल.