लग्नमंडपातील वाफ आणि घरातील कॉफी

देवस्थानच्या मंगल कार्यालयात लग्न असले, की शेवटची पंगत उठण्यापूर्वीच एका कोपऱ्यातून सूं-सूं असा आवाज येऊ लागतो. तेथे एक चकचकीत बाष्पपात्र मांडलेले असते. त्यातून निघालेल्या नळीचे तोंड दुधाच्या भांड्यात बुडवून एक पोरगा घामाघूम होऊन उभा असतो. तयार पुडीची कॉफी, साखर आणि दूध यांचे मिश्रण वाफेने उसळते, त्यावर कोकोची चिमूट पडते आणि व्याही-विहिणींच्या हाती फेसाळलेला पेला जातो. या पेयाला आपल्याकडे ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात. ते गोड लागते, थकलेल्या पाहुण्यांस बरे वाटते, आणि त्याविरुद्ध आम्हांस काहीही म्हणावयाचे नाही. परंतु हे नाव ज्या वस्तूचे आहे ती वस्तू ही नव्हे.

हा भेद केवळ शब्दाचा असता, तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. पण शहरांत किंवा परदेशांत राहून आलेली आपली मुले-मुली आता घरी कॉफीचे यंत्र घेऊ या म्हणतात, आणि वडीलधारी माणसे विचारतात, की कोणते घ्यावे, कशासाठी घ्यावे, आणि चार महिन्यांनी ते माळ्यावर तर जाणार नाही ना? प्रश्न बाजाराचा दिसतो खरा. परंतु त्याचे उत्तर विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा इतिहासात अधिक चांगले सापडते, असे आमचे मत आहे. कोणतेही यंत्र कोणाच्या तरी अडचणीतून जन्मास येते. ती अडचण कोणाची होती, हे एकदा कळले म्हणजे ती आपल्या घरची आहे किंवा नाही, हे ठरविणे कठीण राहत नाही.

ही कथा उत्तर इटलीतील तुरिन शहरापासून सुरू होते. १८८४ साली तेथे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात आंजेलो मोरियोंदो नावाच्या गृहस्थाने पाणी आणि वाफ यांच्या जोरावर झटपट कॉफी करणारे यंत्र मांडले व त्याच वर्षी त्याचे पेटंट घेतले. मोरियोंदो हा काही शास्त्रज्ञ नव्हता. शहरात त्याचे हॉटेल होते आणि बारही होता. गिऱ्हाइकांची दाटी झाली, की कॉफी गाळून निघेपर्यंत माणसे खोळंबत, ही त्याची अडचण होती. त्याचे यंत्र एकेका पेल्याची नव्हे, तर एकदम पुष्कळ पेल्यांची कॉफी काढीत असे. त्याने अशी मोजकीच यंत्रे करविली, ती आपल्याच धंद्यात वापरली, आणि पुढे जगास त्याचा जवळजवळ विसर पडला.

दुसरे पाऊल मिलानमध्ये पडले. लुईजी बेझेरा याने १९०१ साली असे यंत्र योजिले, की दांडा असलेल्या लहानशा गाळणीत एका पेल्यापुरती पूड भरावी, ती यंत्राच्या मुखाशी घट्ट बसवावी, आणि बाष्पपात्रातील दाबाने उकळते पाणी तिच्यातून ढकलावे. म्हणजे मागणाऱ्यासमोर, त्याच्याचसाठी, त्याच क्षणी पेला भरू लागला. बेझेरापाशी कल्पना होती, भांडवल नव्हते. देझिदेरियो पावोनी याने हे हक्क विकत घेतले, १९०५ पासून यंत्रे विक्रीस काढली, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात ‘काफे एस्प्रेसो’ लोकांपुढे आली. ‘एस्प्रेसो’ या शब्दात दाबून काढलेले, मुद्दाम मागणाऱ्यासाठी केलेले आणि त्वरेने दिलेले, अशा तिन्ही अर्थांच्या छटा आहेत. त्या काळची यंत्रे उभट, घुमटाकार, तांब्या-पितळेची असत. कित्येकांच्या माथ्यावर पंख पसरलेला गरुड बसविलेला असे. त्यांची चित्रे पाहताना आपल्या वाचकांस गरुडखांबाची आठवण झाली, तर नवल नाही.

या वैभवात एक उणेपणा होता. बाष्पपात्रातील दाब हवेच्या दाबाच्या दीडपट-दुपटीहून फारसा वाढत नसे. वाढविला, तर पाणी अधिकच तापून वाफेसह पुडीवर कोसळे आणि कॉफी करपट, कडू होई. त्वरा साधली होती, पण चव साधली नव्हती. ही गाठ मिलानचाच आकिल्ले गाज्जिया याने सोडविली. तो कॉफीच्या दुकानात वाढलेला माणूस. त्याने १९३८ साली पहिले पेटंट मागितले. मध्यंतरी महायुद्ध आले. युद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, त्याचे तरफेचे यंत्र बाजारात आले. त्यात वाफेचे काम दट्ट्याकडे गेले. तरफ खाली ओढली, की आतील स्प्रिंग आवळली जाई. सोडली, की ती स्प्रिंग दट्ट्यास रेटी, आणि उकळीच्या आतच ठेवलेले पाणी हवेच्या दाबाच्या आठ-दहा पट जोराने पुडीतून निघे. एवढ्या दाबामुळे कॉफीतील तेल व वायू एकजीव होऊन पेल्यावर तांबूस, दाट थर येऊ लागला. आरंभी गिऱ्हाइके या थराकडे संशयाने पाहत. म्हणून गाज्जियाने त्यास ‘कॉफीची नैसर्गिक साय’ असे नाव दिले, आणि आपले यंत्र वाफेविना चालते, ही गोष्ट जाहिरातीत ठळकपणे मांडली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून आपल्या लग्नमंडपाकडे पाहावे. ज्या वाफेला बाजूला सारून आजची एस्प्रेसो जन्मास आली, ती वाफच आपल्या ‘एक्स्प्रेसो’चे सर्वस्व आहे. तिच्यावरील फेस दुधाचा असतो. खऱ्या एस्प्रेसोवरील साय कॉफीचीच असते, आणि तो पेला जेमतेम दोन-तीन घोटांचा असतो.

१९६१ साली फाएमा या कंपनीने, एर्नेस्तो वालेन्ते याच्या कारकिर्दीत, तरफेची मेहनतही संपविली. विजेचा पंप नऊपट दाब अखंड देऊ लागला. त्या यंत्राचे नाव ‘ई ६१’. त्या वर्षी १५ फेब्रुवारीस इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. नावातील ‘ई’ हे अक्षर ग्रहणवाचक इटालियन शब्दावरून घेतलेले आहे. ग्रहणकाळी अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्या आपल्या समाजास ही नामकरणाची रीत गमतीची वाटेल. मोरियोंदोपासून वालेन्तेपर्यंतची ही सारी परंपरा दुकानाची आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. गिऱ्हाईक उभ्याउभ्या येते, पेला रिकामा करते आणि जाते. त्याच्या घाईसाठी हे सारे शोध लागले.

मग इटलीतील घरांत काय होते? घराची परंपरा निराळी आहे. पॅरिसच्या मोरीझ नावाच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने १८१९ साली उलटे करण्याचे भांडे काढले. खालच्या भागात पाणी उकळावयाचे, मग सारे भांडे उलथे करावयाचे, आणि पाणी आपल्याच भाराने पुडीतून उतरू द्यावयाचे. हे भांडे नेपल्समध्ये इतके रुजले, की त्यास त्या शहराचेच नाव पडले. पुढे १९३३ साली पिडमाँट प्रांतातील क्रुझिनाल्लो गावी आल्फोन्सो बियालेत्ती याने अष्टकोनी ‘मोका’ भांडे केले. खाली पाणी, मध्ये पूड, वर रिकामे पात्र. चुलीवर ठेवले, की वाफेचा दाब पाण्यास वर ढकलतो. दाब थोडाच, म्हणून एस्प्रेसोची साय येत नाही. पण कडक, सुवासिक कॉफी चार-पाच मिनिटांत होते. भांडे अॅल्युमिनियमचे, कारण परदेशी मालावर अवलंबून न राहण्याच्या त्या दिवसांत तो धातू इटलीत राष्ट्रीय धातू म्हणून मिरविला जात होता. युद्धानंतर आल्फोन्सोचा मुलगा रेनातो याने ते घरोघरी पोहोचविले. २०१६ साली रेनातो वारला, तेव्हा त्याची रक्षा एका मोठ्या मोका भांड्यातच ठेवून अंत्यसंस्कार झाला. ज्या वस्तूने कुळास अन्न दिले, तिच्याविषयीची ही निष्ठा आयुधपूजा करणाऱ्या आपल्या लोकांस परकी वाटू नये.

दुकानातील यंत्र घरात शिरले ते त्यानंतर. पावोनी कंपनीने १९६१ साली तरफेचे लहान यंत्र घरासाठी काढले. पुढील दशकांत छोटे विजेचे पंप आले. आणि १९८६ पासून नेस्ले कंपनीने डबीबंद पुडीची कॉफी विकण्यास आरंभ केला, ज्यात कळ दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही, पण डबी मात्र त्याच प्रकारची सदैव विकत घ्यावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू. कॉफी आपल्याला इटलीने शिकविलेली नाही. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तोच चंद्रद्रोण पर्वत आपल्या दत्तभक्तांनाही वंदनीय आहे. कारवार-मंगळूरकडील सारस्वत घरांत दोन खणांच्या पितळी फिल्टरमधून रात्रभर थेंबथेंब अर्क उतरतो. देशावरील आणि इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांत दुधात कॉफी उकळून तिच्यात जायफळ किसण्याची चाल आहे. एवढेच नव्हे, तर हा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. पावसाळ्यात मंगळूरच्या किनाऱ्यावर उघड्या वखारींतून कॉफीच्या बिया पसरून त्यांस दमट वारा देतात. त्या फुगतात, फिकट सोनेरी होतात आणि त्यांचा आंबटपणा जातो. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने प्रवास करताना बियांवर जो संस्कार आपोआप होई, तोच हा मुद्दाम केलेला संस्कार. ही ‘मॉन्सून्ड मलबार’ एस्प्रेसोच्या मिश्रणांत आवडीने घालतात, आणि इटली हा भारतीय कॉफीचा फार मोठा ग्राहक आहे. मिलानच्या पेल्यावरील सायीत आपल्या कोकणपट्टीच्या पावसाचा अंश असू शकतो.

या इतिहासावरून निवडीचे नियम आपोआप निघतात. घरात दहा माणसे, सारी दुधाची कॉफी पिणारी, गणेशचतुर्थीस आणखी वीस येणारी, असे असेल, तर एका वेळी एक-दोन लहान पेले देणारे यंत्र यजमानास स्वयंपाकघरातच अडकवून ठेवील. तेथे मोठा फिल्टरच श्रेष्ठ. चार माणसांस कडक कॉफी हवी असेल, तर मोका भांडे अल्प खर्चात मिळते. त्याच्या सुरक्षा-झडपेच्या वर पाणी भरू नये, पूड दाबून ठासू नये, आणि अॅल्युमिनियमचे भांडे इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही, हे आधीच जाणून असावे. फिल्टर आणि मोका, दोन्ही कॉफी एकत्र बसून पिणाऱ्यांच्या परंपरेतील आहेत.

पण घरातील एकदोघांस ती दोन घोटांची कॉफीच मनापासून आवडत असेल, तर यंत्र जरूर घ्यावे. आवड हेही सबळ कारण आहे. मात्र ‘पंधरापट दाब’ अशा अक्षरांनी भुलू नये. तो पंपाच्या कमाल शक्तीचा आकडा असतो. चांगल्या पेल्यास नऊपट दाब पुरतो, आणि त्याबरोबर ९० ते ९६ अंश उष्णतेचे पाणी व सुमारे २५ ते ३० सेकंदांची धार लागते. ही धार पुडीच्या दळणावर ठरते. पूड जाड असेल, तर पाणी धावत निघून कॉफी पातळ होते. फार बारीक असेल, तर कोंडते. म्हणून यंत्राइतकाच पैसा चांगल्या दळण्याच्या यंत्रासाठी राखून ठेवावा. मिक्सरमधील असमान पूड येथे कामाची नाही. फिल्टरसाठी मिळणारी चिकोरीमिश्रित पूडही यासाठी नव्हे. ज्या गावी पाणी जड आहे, तेथे बाष्पपात्रात क्षार साचतात. ते वेळोवेळी काढण्याची चिकाटी नसेल, तर यंत्र घेऊ नये. ज्यांस यांपैकी कशाचीही दगदग नको, त्यांनी डबीचे यंत्र घ्यावे, पण पहिल्या किमतीबरोबर वर्षभराच्या डब्यांचा हिशेबही मांडून पाहावा.

घराची घाई आणि दुकानाची घाई एक नव्हे. दुकानात गिऱ्हाइकास लवकर मोकळे करावयाचे असते. घरात पाहुण्यास थोडा वेळ अधिक बसवून घ्यावयाचे असते. आपल्या आज्यांचा पितळी फिल्टर संथपणे थेंब गाळीत असे, तेव्हा ओसरीवर निम्मे बोलणे होऊन जाई. नवे यंत्र आणणाऱ्या सुनेस किंवा मुलास आम्ही नाही म्हणणार नाही. त्यांनी ते ओट्यावर जरूर ठेवावे. मात्र त्याच्या शेजारी फिल्टरचीही जागा राखावी, आणि कोणत्या पाहुण्यासाठी कोणते भांडे हाती घ्यावयाचे, हे त्या दिवशी दारात कोण आले आहे ते पाहून ठरवावे.