तीन औषधांच्या एका गोळीची कुळकथा

एचआयव्हीबाधित प्रौढांना आणि किशोरवयीनांना आज बहुतेक ठिकाणी रोज एकच गोळी सुरू करतात. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असते. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रावर तिला ‘टीएलडी’ म्हणतात. सगळ्यांना सरसकट एकच गोळी ही गरीब देशांची तडजोड आहे, असा समज अजून आहे. या गोळीचे कूळ तपासले की तो टिकत नाही. एचआयव्हीवरचे पहिले औषध झिडोव्ह्युडिन 1964 मध्ये कर्करोगासाठी तयार झाले होते. एड्ससाठी त्याला 1987 मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीला ते दर चार तासांनी, रात्री उठूनसुद्धा घ्यावे लागे. एवढे करूनही गुण टिकत नसे, कारण हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना इतक्या चुका करतो की एकट्या औषधाला दाद न देणारी पिलावळ लवकरच निपजते. तीन औषधे एकदम दिली तर तो दबून राहतो, हे 1996 पर्यंत स्पष्ट झाले. पण ती औषधे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेटंटखाली होती. त्यांची एक गोळी करायची कोणी?

ते मुंबईच्या सिप्लाने केले. 1970 च्या कायद्यानुसार भारतात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या कृतीलाच पेटंट मिळे. म्हणून स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन यांची ‘ट्रायोम्यून’ 2001 मध्ये निघू शकली. पाश्चात्त्य देशांत वर्षाला 10,000 डॉलरच्या वर जाणारे हे त्रिकूट त्याच वर्षी सिप्लाचे प्रमुख युसूफ हमीद यांनी 350 डॉलरला देऊ केले. स्वस्ताईचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यातला वैद्यकीय फायदा मोठा वाटतो. गोळी चुकली तर तिन्ही औषधे चुकतात, एकच औषध घेऊन बाकीची टाळण्याची सोय राहत नाही. यावर जाणकार म्हणतील की नेव्हिरापिन रक्तात इतरांपेक्षा जास्त दिवस रेंगाळते आणि शेवटी विषाणूसमोर एकटेच उरते. खरे आहे. स्टॅव्ह्युडिनने तर पायांची जळजळ आणि बसलेले गाल मागे ठेवले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बंद करत जायला सांगितले. पण हे दोष त्या घटकांचे होते, एकत्र करण्याच्या पद्धतीचे नव्हेत. घटक बदलले, पद्धत राहिली.

सरसकट औषधात माणसाचा विचार होत नाही, हा आक्षेप उरतोच. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी 50 मिलिग्रॅम डोल्युटेग्राविर वेगळे द्यावे लागते. मूत्रपिंड अधू असेल तर टेनोफोविरचा फेरविचार करावा लागतो. मात्र अपवाद नेमके ओळखता येतात ते नियम एक असल्यामुळेच. बोत्सवानाने 2016 मध्ये देशभर डोल्युटेग्राविर सुरू केले. 2018 मध्ये तिथल्या जन्मनोंदींत बाळांच्या मज्जारज्जूतील दोषाची शंका आली आणि गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रियांबाबत हात आखडला गेला. त्याच नोंदी वाढत गेल्यावर धोका वाटला त्यापेक्षा खूपच कमी दिसला, आणि 2019 मध्ये शिफारस त्यांच्यासाठीही खुली झाली. प्रत्येक डॉक्टरने आपापले औषध निवडले असते, तर ही शंका आलीही नसती आणि फिटलीही नसती.

मुंबईची ती वाट मात्र पुढच्या औषधांना मोकळी राहिली नाही. 2005 पासून भारतात औषधालाही पेटंट मिळू लागले, आणि डोल्युटेग्राविर इथल्या कंपन्या बनवू लागल्या ते 2014 मध्ये मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेमार्फत खुल्या झालेल्या परवान्यावर.