तिची मजुरी आणि तिचें छप्पर

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडली कीं गोराई लागते. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची ही जुनी वस्ती. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणाऱ्या स्त्रियांना कमाई कांहीं नवी नाहीं. परंतु कमावत्या हातांना कायद्यानें छप्पर केव्हां दिलें, हें पाहूं गेल्यास मजुरीच्या हक्कानंतर तब्बल १३२ वर्षें जावीं लागलीं असें दिसतें.

१८७४ सालीं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्यानें पत्नीची मजुरी ही तिचीच मिळकत ठरविली. पैसे पोंचल्याची तिची एकटीची पावती पुरेशी मानिली. हा कायदा ख्रिस्ती स्त्रियांस लागू झाला. हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रिया त्यांतून वगळल्या गेल्या. पण ज्या ख्रिस्ती स्त्रीची मजुरी सुरक्षित झाली, तिची पाठ मात्र सुरक्षित झाली नाहीं. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याप्रमाणें नवऱ्याचा केवळ छळ तिला पुरेसा नव्हता. छळाबरोबर व्यभिचारहि सिद्ध करावा लागे. ही अट मुंबई हायकोर्टानें १९९७ सालीं रद्द केली, आणि २००१ सालीं कायदाहि बदलला.

हिंदु स्त्रीची कथा याहून निराळी नव्हती. १८८७ सालीं मुंबई हायकोर्टानें रखमाबाईंस नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असें फर्माविलें. पुढें १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली, आणि त्याच रखमाबाई डॉक्टर झाल्या. १९४६ सालीं छळ सोसणाऱ्या हिंदु पत्नीस वेगळें राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. तरी घर सोडावयाचें तें तिनेंच! १९८३ सालीं छळ हा फौजदारी गुन्हा झाला. नवऱ्यास शिक्षा होण्याची सोय झाली, पण पत्नीनें त्या रात्रीं निजावें कोठें, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें दिलें. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला, आणि सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू झाला. घर कोणाच्या नांवावर आहे हें न पाहतां, एकत्र राहिलेल्या घरांत राहण्याचा हक्क स्त्रीस मिळाला. मॅजिस्ट्रेट नवऱ्यास घराबाहेर काढूं शकतो, किंवा तिच्यासाठीं तशाच दुसऱ्या घराचें भाडें त्याला भरावयास लावूं शकतो. मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुप्रीम कोर्टानें सासूच्या मालकीचें घर यांतून वगळलें. घर सासूसासऱ्यांच्या नांवें असलेल्या असंख्य सुनांची वाट त्यामुळें अडली. ती १५ ऑक्टोबर २०२० रोजीं त्याच कोर्टानें नवा निकाल देऊन मोकळी केली.

कामाच्या बाबतींत कायदा अर्ध्यावरच थांबला आहे. नवऱ्यानें पत्नीच्या कामाच्या जागीं पाऊल ठेवूं नये, असा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊं शकतो. बुडालेली कमाईहि नवऱ्याकडून भरून मागतां येते. परंतु मालक या कायद्याच्या बाहेरच राहतो. कोर्टाच्या तारखांसाठीं खाडा झाला म्हणून नोकरी जाऊं नये, अशी तरतूद त्यांत नाहीं. फिलिपाइन्सनें २००४ सालीं अशा स्त्रीस दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडनें २०१८ सालीं तसाच कायदा केला.

अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी, आणि तेथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असें आपला कायदा सांगतो. खाडी ओलांडून रोज कामावर जाणाऱ्या स्त्रीस ते साठ दिवस फार मोठे आहेत. तेवढ्या काळांत तिचें घर टिकेल अशी सोय कायद्यानें केली. तिची रोजी टिकेल अशी सोय करावयाची राहिली आहे.