ओडिशाचा पंचनामा : १९९९ आणि २०१९

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशातील पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. समुद्राचे पाणी पाच-सहा मीटर उंचीने आत शिरले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगतसिंगपूर जिल्ह्यातील एरसमा भागाला सर्वाधिक फटका बसला. त्या वेळचा पंचनामा प्रामुख्याने मृतांचा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापले. राष्ट्रीय कायदा येण्यास २००५ साल उजाडले.

३ मे २०१९ रोजी ‘फनी’ पुरीजवळ धडकले, तेव्हा बारा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले होते. मृतांची संख्या ६४ राहिली. माणसे वाचली, पण त्यामुळे पंचनामा सोपा झाला नाही. वाचलेल्यांनी जगायचे कशावर, हा प्रश्न त्यात नव्याने आला.

राज्य सरकार, संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांनी केलेल्या मूल्यांकनात ‘हानी’ आणि ‘तोटा’ असे दोन वेगळे रकाने होते. कोसळलेले घर किंवा विजेचा मनोरा ही हानी. वीज नसल्याने बुडालेली मजुरी हा तोटा. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पहिली राशी साठ्याची, दुसरी प्रवाहाची. साठा एकदाच मोजता येतो; प्रवाहाची बेरीज मात्र व्यवहार पूर्ववत होईपर्यंत करत राहावी लागते. हानी निघाली सुमारे १६,५०० कोटी रुपयांची, तोटा सुमारे ७,७०० कोटींचा. पुनर्उभारणीची गरज मात्र सुमारे २९,३०० कोटींची, म्हणजे दोहोंच्या बेरजेहूनही अधिक! हे गणित चुकलेले नाही. होते तसेच घर आणि होती तशीच वीजवाहिनी पुन्हा उभारली, तर पुढच्या वादळात ती पुन्हा पडणारच. वादळ सोसणारे बांधकाम महाग असते.

मोजणीची साधनेही या वीस वर्षांत बदलली. रडार-उपग्रह ढगांआडूनही साचलेले पाणी दाखवतात. रात्रीच्या उपग्रहचित्रांत भुवनेश्वर-कटकचे विझलेले दिवे स्पष्ट दिसले. पण दिवे परतले म्हणजे उत्पन्न परतले असे नव्हे. उंच जातीच्या नारळाला फळ धरण्यास सहा-आठ वर्षे लागतात. वादळात उन्मळलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात रोप लावले, तरी त्या बागायतदाराचा तोटा पंचनाम्याची कागदपत्रे बंद झाल्यावरही कित्येक वर्षे वाढतच राहतो.