पटावरच्या सैन्याची रंगयोजना

मेजावर छोट्या पुतळ्यांची सैन्ये मांडायची, मोजपट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची, हा छंद पाश्चात्त्य देशांत ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ या नावाने ओळखला जातो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याचे घरगुती नियम मांडले. आज या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव नॉटिंगहॅमच्या ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीचे असून तिचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा भविष्यकाळातील युद्धांवर बेतलेला खेळ १९८७ मध्ये बाजारात आला. त्यातील साधा मानवी शिपाई जेमतेम २८ मिलिमीटर उंचीचा असतो. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे बाजारातून रंगूनच घरी येतात. येथे मात्र खोक्यात निघतात ते करड्या प्लास्टिकचे सुटे भाग. ते जोडणे आणि रंगवणे हे खेळाडूचेच काम.

कंपनीच्या पुस्तकांत तयार रंगयोजना असतात. ‘अल्ट्रामरीन्स’ निळे, ‘ब्लड एंजल्स’ लाल, ‘इम्पीरियल फिस्ट्स’ पिवळे. परंतु खेळाच्या कथेतच अशी सुमारे एक हजार पथके असल्याचे सांगितले असून त्यांतील थोड्यांचीच नावे दिलेली आहेत. उरलेली जागा खेळाडूंच्या कल्पनाशक्तीसाठी मोकळी सोडलेली आहे आणि अनेकांना खरा आनंद तेथेच मिळतो.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र वेळेच्या रूपाने मोजावी लागते. समजा, निवडलेल्या रंगयोजनेत एका शिपायाला सहा तास लागतात आणि सैन्य ८० जणांचे आहे. म्हणजे ४८० तास झाले. रोज संध्याकाळी एक तास दिला तरी सोळा महिने. एकच पुतळा डोळ्यांसमोर ठेवून आखलेली देखणी योजना विसाव्या शिपायापाशी कंटाळवाणी होते आणि सैन्य अर्धवट रंगलेल्या अवस्थेत कपाटात जाते. त्याचा फटका खेळालाही बसतो. २०२० साली आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या नवव्या आवृत्तीत स्पर्धात्मक सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण केवळ पूर्ण रंगवलेल्या सैन्यासाठी ठेवण्यात आले. म्हणूनच रंगयोजना एका पुतळ्याची नव्हे तर सैन्याची असावी लागते, आणि ती ऐंशी वेळा करता येण्याजोगी असावी लागते.

सैन्य पाहिले जाते ते हातभर अंतरावरून. त्या अंतरावर डोळ्यांतली बुबुळे दिसत नाहीत, दिसतात ते रंगांचे मोठे पट्टे. त्यामुळे तीन रंग पुरेसे होतात: बहुतांश अंग व्यापणारा एक मुख्य रंग, त्याला साथ देणारा दुसरा, आणि नजर खेचून घेणारा, अगदी थोड्या जागेत वापरायचा तिसरा. उदाहरणार्थ, चिलखत मोरपिशी, खांदे व कापड हस्तिदंती, आणि शिरस्त्राणावरची पट्टी व छातीवरचे चिन्ह शेंदरी. मोरपिशी व शेंदरी हे रंगचक्रात जवळजवळ समोरासमोर येतात, म्हणून थोडा शेंदरीही उठून दिसतो. हा तिसरा रंग डोके व छाती यांच्या आसपासच ठेवावा. बुटावर लावला तर नजर बुटावरच जाते. धातूचा रंगही एकच निवडावा, चंदेरी किंवा पितळी. निवड जमली आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे नमुन्याचे कृष्णधवल छायाचित्र. त्यात मुख्य व दुय्यम रंग एकाच करड्या छटेत मिसळून गेले, तर प्रत्यक्षात ते कितीही सुंदर वाटोत, मेजावर सारा गोंधळच दिसणार.

तुकड्यांची ओळख कशी राखायची, याचे उत्तर इतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये १६४५ साली उभारलेल्या ‘न्यू मॉडेल आर्मी’पासून लाल डगला ही इंग्रज पायदळाची खूण बनत गेली. पुढे पलटणी वेगळ्या ओळखू येत त्या कॉलर व मनगटपट्ट्यांच्या रंगामुळे. कोणाचा पिवळा, कोणाचा हिरवा, राजघराण्याशी निगडित पलटणींचा निळा. सैन्य एक आणि पलटणी अनेक, हे दोन्ही त्यातून साधत असे. पटावरही मुख्य रंग कायम ठेवून केवळ गुडघ्याच्या वाटीचा किंवा खांद्याच्या कडेचा रंग बदलला, तरी तुकड्या चटकन वेगळ्या कळतात. गणवेशाच्या रंगामागे कारणही असे. खाकी म्हणजे धुळीचा रंग. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरील ‘कोअर ऑफ गाइड्स’ने आपलासा केला, तो तेथील मातीत लपून जाता यावे म्हणून. काल्पनिक सैन्यालाही अशी एखादी भूमी दिली, की रंग निवडणे सोपे जाते.

पायाखालची जमीन मात्र सैन्यात मिसळून जाता कामा नये. वरच्या उदाहरणात विटकरी माती केली तर ती शेंदरीशी स्पर्धा करील. वाळलेल्या गवताची फिकट पिवळसर जमीन अधिक शोभते.

यानंतर येतो अस्तराचा प्रश्न. पिवळा, शेंदरी, पांढरा हे रंग पातळ बसतात. काळ्या अस्तरावर त्यांचे चार-पाच हात द्यावे लागतात. तेच पिवळ्याखाली फिकट गुलाबी किंवा तपकिरी थर असेल तर काम निम्म्यावर येते. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा पाणी मिसळून दोन पातळ हात द्यावेत, नाहीतर बारीक कोरीवकाम बुजते. २०१९ मध्ये कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ हे रंग आणले. फिकट अस्तरावर एकाच हातात ते खाचांत गडद आणि उंचवट्यांवर उजळ बसतात. कापडाच्या चुण्या व केसाळ कातडी यांना ते उत्तम. मोठ्या सपाट चिलखतावर डाग पडतात. तेव्हा मुख्य रंग ठरवतानाच सैन्य चिलखतधारी आहे की वस्त्रधारी, याचा विचार करावा.

प्रथम दोन-तीन पुतळे पूर्ण करून घड्याळ पाहावे. वेळ फार लागत असेल तर एक रंग कमी करावा, कौशल्याला दोष देत बसू नये. मग पाच किंवा दहांचा गट घेऊन एकेक रंग सर्वांना लावत जावा.

आणि वही ठेवावी. कोणता रंग, कशावर, किती हात, हे लिहून शेजारी त्या रंगाचा ठिपका द्यावा. २०१२ साली ‘सिटाडेल’ या कंपनीच्या रंगमालिकेचे स्वरूपच बदलले आणि नावेही नवी आली. तेव्हा ज्यांचे सैन्य अर्ध्यावर होते त्यांना जुन्या छटेशी नवी बाटली ताडून पाहावी लागली. त्याच कारणाने मुख्य रंग थेट बाटलीतला असावा. हाताने मिसळलेली छटा सेनापतीच्या झग्यापुरती चालते. वर्षभराने आणखी वीस शिपाई भरती करायचे ठरले, तर ती पुन्हा तशीच जुळेल याचा भरवसा नसतो.